मार्गळीचे ढग, चित्तिरैचे ऊन : कुंडीत कोणते झाड टिकेल?

तंजावर, कुंभकोणम, मन्नारगुडी आणि आसपासच्या गावांतल्या मराठी घरांतून बोन्सायबद्दल विचारणा होते, तेव्हा बहुतेक प्रश्न दोनच असतात. पहिला असा : व्हिडिओत पाहिलेले जुनिपर हौसेने मागवले, दोन-तीन महिने हिरवेगार दिसले, मग टोकांपासून तपकिरी होत गेले, पाणी कमी पडले की जास्त झाले? दुसरा असा : ‘थंड, ढगाळ हवेत चालणारी झाडे’ अशी एक यादी हाती लागली आहे; आमच्याकडे ऐप्पसी-कार्तिगैत चार-चार दिवस सूर्य दिसत नाही, तर ती यादी आम्हाला चालेल का?

दोन्ही प्रश्नांचे मूळ एकच आहे. बोन्सायवरची बरीचशी पुस्तके जपान, इंग्लंड किंवा अमेरिकेत लिहिली गेली. तिथले ढग थंडी घेऊन येतात. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातले ढग उकाडा, दमट हवा आणि कुंडीत साचणारे पाणी घेऊन येतात. त्यामुळे ती यादी इथे उपयोगाची नाही, आणि जुनिपर गेले त्यात तुमच्या पाणी घालण्याचा दोष फार थोडा आहे. निवडच चुकली होती. चांगली गोष्ट ही की डेल्टाच्या गावांत, अगदी बांधावर आणि गल्लीत, बोन्सायला उत्तम अशी झाडे मुबलक आहेत.

आधी आपल्या वर्षातले दोन कठीण काळ ओळखा

झाड निवडताना वर्षाची सरासरी पाहू नका. सर्वांत कठीण आठवडे पाहा. झाड मरते ते त्याच आठवड्यांत.

तंजावर समुद्रसपाटीपासून जेमतेम 60 मीटर उंच. पहिला कठीण काळ चित्तिरैच्या उत्तरार्धापासून वैकासीपर्यंतचा, अग्निनक्षत्र धरून. दुपारी पारा 38 अंशांच्या आसपास किंवा वर जातो, आणि गच्चीवरच्या उथळ कुंडीतली माती त्याहूनही जास्त तापते. दुसरा काळ ऑक्टोबर ते डिसेंबर. ईशान्य मोसमी पाऊस साधारण ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू होतो आणि वर्षातला निम्म्याहून अधिक पाऊस या तीन महिन्यांत पाडतो. हवा दमट, ऊन पुसट, आणि माती आठवडाभर वाळत नाही.

थंडी मात्र येतच नाही. मार्गळीत पहाटे कोलम काढताना शाल घ्यावीशी वाटली, तरी रात्रीचे तापमान 20 अंशांच्या खाली क्वचितच उतरते. पुणे 560 मीटर उंचीवर आहे, तिथे डिसेंबरच्या रात्री 10-12 अंशांपर्यंत येतात. म्हणून पुण्याच्या नातलगाने सुचवलेले झाडही डोळे मिटून घेऊ नका. फेब्रुवारी 2018 मध्ये पुण्यात आंतरराष्ट्रीय बोन्साय संमेलन झाले. अशा प्रदर्शनातून शैली जरूर शिका; झाडाची जात मात्र आपल्या गावची हवा पाहून ठरवा.

जुनिपर, मेपल, जपानी पाइन : यांचा नाद का सोडावा

या झाडांना हिवाळ्याची विश्रांती लागते. काही आठवडे तापमान 7 अंशांच्या आसपास किंवा त्याखाली राहिले, की वाढ थांबते, साठा भरतो आणि वसंतात नवी पालवी जोमाने फुटते. डेल्टात ही विश्रांती मिळत नाही. झाड अडखळत वाढत राहते, रात्रीच्या उकाड्याने साठा खर्च होतो आणि वर्ष-दोन वर्षांत ते थकते. फ्रीजमध्ये ठेवणे किंवा बर्फाचे खडे मातीवर टाकणे असले उपाय सांगितले जातात. घरगुती हौसेत त्यांचा काही उपयोग नाही.

जुनिपरची आणखी एक अडचण अशी की मेल्यानंतरही त्याची पालवी कित्येक आठवडे हिरवी राहते. तुम्ही विकत घेता तेव्हाच ते मेलेले असू शकते. खात्री करायची रीत सोपी आहे. एखाद्या कोवळ्या फांदीची साल नखाने तांदळाच्या दाण्याएवढी खरवडा. खाली ओलसर हिरवा थर दिसला तर फांदी जिवंत; कोरडा, फिकट तपकिरी दिसला तर मेलेली. तीन-चार फांद्यांवर आणि खोडाच्या बुंध्याशी हे करून पाहा, आणि दुकानदाराला विचारूनच करा.

डेल्टात खरोखर टिकणारी झाडे

नांद्रुक. पहिलेच झाड घेणार असाल, तर दुसरा विचार नको. रोपवाटिकेत ते ‘फायकस’ म्हणून मिळते. फुगीर मुळांचे असेल तर ‘जिनसेंग’. वडाचाच भाऊबंद, पण पान लहान आणि छाटणीने आणखी लहान होणारे. ऊन कमी झाले तरी तग धरते, पाणी एखाद दिवस चुकले तरी सांभाळून घेते, आणि जखम लवकर भरते. ढगाळ, दमट ऐप्पसी-कार्तिगैत तर त्याची खरी मजा असते. खोडाला आणि फांद्यांना आपोआप पारंब्या सुटू लागतात. कोरड्या हवेच्या गावांतली माणसे यासाठी काचेची पेटी करतात. तुमच्याकडे ती हवा फुकट आहे. हवी ती पारंबी जाड स्ट्रॉमध्ये घालून, स्ट्रॉमध्ये ओली बारीक वाळू भरून खाली मातीपर्यंत न्या. मुळी मातीत रुजली की स्ट्रॉ उभा चिरून काढून टाका.

नांद्रुकाची एकच खोड लक्षात ठेवा. नवी पाने मधोमध दुमडून पुरचुंडीसारखी दिसू लागली, की आत फुलकिडे आहेत. दुमडलेली पाने खुडून पिशवीत बांधून टाका, मग लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचे तेल आणि थोडे साबणाचे पाणी मिसळून संध्याकाळी फवारा. फवारा आधी आणि खुडणे नंतर केले तर औषध किड्यांपर्यंत पोचतच नाही.

पिंपळ घरात नको म्हणणाऱ्या आजी-पणजी अजून अनेक घरांत आहेत. नांद्रुकाला त्यांची हरकत नसते, ही सोय काही लहान नाही.

सुरू. पाइनसारखे सुईदार पानांचे झाड हवेच असेल, तर जपानचा पाइन सोडा आणि नागपट्टिणमच्या किनाऱ्याकडे पाहा. तमिळमध्ये सवुक्कु म्हणतात ते हेच. मूळचे इथले नव्हे, पण कोरोमंडल किनाऱ्यावर सरपणासाठी आणि बल्ल्यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या लावले जाणारे. इंडोनेशिया आणि तैवानमध्ये सुरूचे देखणे बोन्साय करतात. आपल्याकडे त्याच्याकडे दुर्लक्ष झाले, हे खरेच खेदाचे आहे. त्याला खारा वारा चालतो, उकाडा चालतो, भरपूर पाणी चालते. उलट पाणी तुटलेले चालत नाही. नांद्रुक पाने गाळून सूचना देतो. सुरू तसे काही न दाखवता एखादी फांदी कायमची टाकून देते. वैकासीत त्याच्या कुंडीखाली पाण्याची उथळ थाळी ठेवली तरी बिघडत नाही.

सुरूची टोके कात्रीने कापू नका, दोन बोटांत धरून खुडा. कात्रीने कापलेली टोके तांबूस पडतात. तार लावली तर दर पंधरवड्याला पाहा, कारण खोड झपाट्याने जाड होते आणि तार सालीत रुतते. कुंडी बदलताना मुळांवरच्या लहान गाठी पाहून घाबरू नका. त्या हवेतला नायट्रोजन धरणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या आहेत. जुनी माती मूठभर नव्या मिश्रणात नक्की मिसळा.

चिंच. पुळियमरमखाली ज्यांचे बालपण गेले, त्यांना हे झाड कुंडीत पाहण्याची ओढ असतेच. पान बारीक, साल लवकर खडबडीत होणारी, खोडाला वय लवकर दिसते. एकच अट : पूर्ण ऊन. चिंचोक्यापासून सुरुवात केलीत, तर पहिल्या वर्षातच सोटमूळ छाटा. नंतर ते उथळ कुंडीत बसत नाही. संध्याकाळी पाने मिटतात, ते आजारपण नव्हे. पावसाळ्यात मात्र तिची कुंडी विटांवर तिरकी ठेवा, म्हणजे पाणी एका कडेने निघून जाईल. मोठ्या झाडाच्या आकाराची चिंच लहान झाडाला लागते. शेंग काही लहान होत नाही. त्यामुळे बारीक फांदीवर लागलेल्या शेंगा वेळीच काढा.

खिरणी, अंजनी, माकडलिंबू. ही तिन्ही कोरोमंडल किनाऱ्याच्या कोरड्या सदाहरित रानातली. वेदारण्यमजवळच्या कोडियक्करै अभयारण्यात खिरणी (तमिळमध्ये पालै) ठायीठायी दिसते : समुद्रवाऱ्याने वाकलेली, चिवट, टोकाला खाच असलेल्या चामट पानांची. माकडलिंबू म्हणजे तमिळ कुरुंदु. आवुडैयारकोविलला माणिक्कवाचकरांना गुरू भेटले ते याच झाडाखाली, असे मानतात. पाने लहान, खोड पिळदार, फांद्या दाट. अंजनीला तमिळमध्ये काया म्हणतात, आणि तिची गंमत अशी की हीच अंजनी महाबळेश्वरच्या धुक्यातल्या रानात मुख्य झाडांपैकी एक आहे. थंड-ढगाळ सह्याद्री आणि तापलेला कोरोमंडल, दोन्हीकडे रुजणारे असे झाड सहज सापडत नाही. तिन्ही झाडे सावकाश वाढतात. पाच वर्षांनी काहीतरी दिसेल असे धरून घ्या, आणि सोबतीला एक नांद्रुक ठेवा म्हणजे हात रिकामे राहणार नाहीत.

याशिवाय :

- विलायती चिंच (कोडुक्काप्पुळी) : कुंपणाचे झाड, काटेरी, जवळजवळ न मरणारे. क्षारयुक्त पाण्यालाही चालते. पोरांच्या हाती लागेल अशा ठिकाणी ठेवू नका.
- कार्मोना : ‘फुकिएन टी’ या नावाने चीनमधून युरोपभर जाणारे हे झाड तमिळनाडूच्या खुरट्या रानात आपोआप उगवते. चकचकीत बारीक पाने, पांढरी फुले, लाल फळे. आयात केलेल्या झाडासाठी जास्त पैसे मोजायची गरज नाही.
- कुंती (कामिनी) : सुवासिक, सुंदर खोडाची. बोअरचे जड पाणी मिळाले तर पाने पिवळी पडतात. पावसाचे पाणी साठवून द्या.
- पराय : खरखरीत पानांचे, छाटणी हसतमुखाने सोसणारे. तिरुच्चीजवळच्या तिरुप्परायत्तुरै गावाच्या नावातच हे झाड आहे. थायलंडमध्ये बागेतल्या आकारबद्ध झाडांसाठी हेच वापरतात.
- एक्झोरा : बारीक पानांचा वाण घ्या. फुले वर्षभर, पण खोड जाड व्हायला वेळ लागतो.

ही झाडे घ्या, पण जपून

बोगनवेल, अडेनियम आणि ‘जेड’ ही तिन्ही उन्हाळ्यात डेल्टात सुखात असतात आणि पावसाळ्यात सडतात. घरात पत्र्याखाली किंवा ओट्यावर, पाऊस न लागणारी पण उजेडाची जागा असेल तरच घ्या. अडेनियमला ऑक्टोबरपासून डिसेंबरअखेर पाणी जवळजवळ बंद करा. बोटाने दाबून गड्डा मऊ लागला तर त्याच दिवशी कुंडीतून काढा, सडलेला भाग स्वच्छ सुरीने निरोगी पांढऱ्या गरापर्यंत कापा आणि सावलीत आठवडाभर कोरडा ठेवा.

वड आणि पिंपळ यांच्याबद्दल भावना मोठी असते, पान मात्र त्याहून मोठे. वडाचा बोन्साय दोन फुटांपेक्षा लहान केला तर खोड आणि पान यांचे प्रमाण जुळत नाही. जागा असेल तर मोठ्या आकारात करा.

देवळाच्या स्थलवृक्षाचा बोन्साय करता येईल का, असेही विचारले जाते. तिरुविडैमरुदूरचा मरुदम म्हणजे आपला अर्जुन. त्याचे लांबट पान छाटणीने फारसे लहान होत नाही, म्हणून नवशिक्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. तिरुवानैकावलचा नावल, म्हणजे जांभूळ, तुलनेने सोपा. साचलेले पाणी त्याला इतर बऱ्याच झाडांपेक्षा जास्त सोसते.

तुमच्या घरात कुठे काय बसेल

जुन्या अग्रहारातल्या घरांत मधला उघडा चौक असतो. तिथे मे महिन्यातही थेट ऊन जेमतेम तीन-चार तास उतरते, आणि डिसेंबरात त्याहून कमी. अशा ठिकाणी नांद्रुक, कार्मोना, कुंती. चिंच आणि बोगनवेल इथे लांबलचक, लुकडी होतात.

गच्ची असेल तर चिंच, विलायती चिंच, सुरू, खिरणी. कुंडी थेट सिमेंटवर ठेवू नका; लाकडी फळीवर किंवा विटांवर ठेवा, आणि अग्निनक्षत्राच्या दिवसांत 50 टक्क्यांची हिरवी जाळी बांधा. कुंडीभोवती ओले गोणपाट गुंडाळले तरी मुळांना मोठा आराम मिळतो.

वेदारण्यम, नागपट्टिणम, मुत्तुप्पेट्टै या पट्ट्यात बोअरचे पाणी खारट असते. पानांच्या कडा करपू लागल्या आणि कुंडीच्या काठावर पांढरा थर आला, तर तो मिठाचा. इथे सुरू, खिरणी आणि विलायती चिंच यांच्यावरच भिस्त ठेवा. पावसाळ्यात दोन-तीनदा कुंडी भरभरून पावसाचे पाणी जाऊ द्या, म्हणजे साठलेले क्षार धुऊन निघतील.

विकत घेताना

- कुंडीवरचे खडे हलवून पाहा. ते एकमेकांना चिकटवलेले असतील तर पाणी आत जात नाही. विकत घेतल्याबरोबर तो थर फोडून काढा.
- खोड बुंध्याशी धरून हलकेच हलवा. झाड मातीत डुगडुगत असेल तर मुळे धरलेली नाहीत.
- कुंडीच्या तळाला भोके आहेत का? नसतील तर घेऊ नका, कितीही सुबक असली तरी.
- जिनसेंग नांद्रुकावर वरची पालवी कलम केलेली असते. कलमाच्या खालून फुटलेले धुमारे मोठ्या पानांचे असतात, ते खुडत राहावे लागतात. हे चालत नसेल तर साधा नांद्रुक घ्या.
- ‘बोन्साय बियाणे’ म्हणून विकली जाणारी पाकिटे टाळा. बोन्सायचे वेगळे बी नसते. कोणतेही झाड कुंडीत वळण देऊन लहान ठेवतात. निळ्या मेपलच्या बियांची चित्रे तर निव्वळ बनवाबनवी आहे, निळा मेपल नावाचे झाडच नाही.

खोड जाड हवे असेल तर पहिली दोन-तीन वर्षे झाड परसात जमिनीत किंवा मोठ्या कुंडीत वाढू द्या. उथळ ताटलीत घातल्यावर खोड फारसे भरत नाही. बहुतेकांची घाई इथेच होते. खरेदीला निघण्याआधी जमले तर मैसूरच्या श्री गणपती सच्चिदानंद आश्रमातले किष्किंधा बोन्साय उद्यान पाहून या. उष्ण हवेतली झाडे वीस-पंचवीस वर्षांनी कशी दिसतात, हे तिथे एका फेरीत कळते.

माती आणि ऐप्पसीपूर्वीची तयारी

कावेरीची काळीभोर गाळाची माती भाताला उत्तम, पण उथळ कुंडीला घातक. ती पाणी धरून ठेवते आणि वाळली की दगड होते. जपानहून येणारी महागडी माती आणण्याचीही गरज नाही. जवळच्या वीटभट्टीवरून फुटक्या विटा आणा, ज्वारीच्या दाण्यापासून वाटाण्यापर्यंतच्या आकाराचे तुकडे करा, बारीक धूळ चाळून टाका, उरलेले धुऊन घ्या. असा चुरा दोन भाग, चांगले कुजलेले शेणखत एक भाग, आणि भातगिरणीतला अर्धवट जळलेला काळा तूस अर्धा भाग. पट्टुकोट्टै-पेरावुरणीकडे स्वस्तात मिळणारा नारळाचा भुसा मोहात पाडतो. उन्हाळ्यात तो कामाचा, पावसाळ्यात मुळे कुजवणारा. मिश्रणात मूठभरापेक्षा जास्त नको.

कुंडी बदलण्याची उत्तम वेळ मासी, म्हणजे फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत. पाऊस संपलेला असतो, उन्हाळा अजून तापलेला नसतो. नांद्रुक आणि सुरू यांना जून-जुलैही चालतो. ऑक्टोबर ते डिसेंबर मुळांना कात्री लावू नका. याच काळात सगळी पाने खुडण्याचा प्रयोगही नको. पुसट उजेडात नवी पालवी लांबट आणि कमकुवत येते.

ऑक्टोबर लागण्याआधी एवढे करा : तळाच्या भोकांत काडी घालून ती मोकळी करा, कुंड्या जमिनीपासून वर उचला, दाट फांद्या विरळ करून वारा खेळू द्या, आणि सप्टेंबरनंतर नत्राचे खत थांबवा. वादळाची सूचना आली, तर कुंड्या फळीवरून खाली उतरवून भिंतीच्या आडोशाला एकमेकींना खेटून ठेवा. 16 नोव्हेंबर 2018 च्या पहाटे गजा चक्रीवादळ वेदारण्यमजवळ किनाऱ्यावर आले तेव्हा पट्टुकोट्टैच्या बाजूला नारळाच्या बागाच्या बागा आडव्या झाल्या. फळीवरची कुंडी अशा वाऱ्यात काय टिकणार?

नातलग थंड-ढगाळ गावी राहत असतील तर

ती परदेशी यादी टाकून देऊ नका, तिचे खरे मालक आहेत. कोडाईकनाल आणि उटी 2,000 मीटरच्या वर आहेत. तिथे जुनिपर आणि चायनीज एल्म उघड्यावर चालतात, मेपलही जमू शकतो. ढगाळ थंडीत बुरशी लवकर धरते, म्हणून दाट पालवी विरळ ठेवणे आणि सकाळीच पाणी देणे महत्त्वाचे. महाबळेश्वरला जून ते सप्टेंबर धो धो पाऊस आणि दिवसचे दिवस धुके. तिथे अंजनी आणि जांभूळ ही गावचीच झाडे घ्यावीत.

लंडन किंवा मँचेस्टरला मुले-सुना असतील, तर त्यांना लार्च, हॉथॉर्न, फील्ड मेपल किंवा हॉर्नबीम सुचवा. ही झाडे वर्षभर घराबाहेर ठेवायची, घरात हीटरजवळ ती मरतात. नांद्रुकाची गोष्ट तिथे उलटी : ऑक्टोबर ते एप्रिल खिडकीत, घराच्या आत.

कायदा आणि तुमचे हक्क

*रानातून झाड आणणे.* कोडियक्करै हे अभयारण्य आहे. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 नुसार तिथले रोप, अगदी लहानसेसुद्धा, परवानगीशिवाय उपटणे गुन्हा आहे. मुत्तुप्पेट्टैच्या राखीव खारफुटी जंगलालाही हात लावू नका. खिरणी, अंजनी, माकडलिंबू हवी असतील तर वनखात्याच्या रोपवाटिकेत चौकशी करा. पुदुच्चेरीजवळच्या ऑरोविलमध्ये कोरड्या सदाहरित रानातली रोपे अनेक वर्षे तयार केली जातात.

*भिंतीतली झाडे.* आपल्या घराच्या कठड्यात, पन्हळीत उगवलेला नांद्रुक किंवा पिंपळ हा उत्तम कच्चा माल आहे, आणि तो काढल्याने भिंतही वाचते. मात्र तंजावरचे बृहदीश्वर किंवा दारासुरमचे ऐरावतेश्वर अशा संरक्षित देवळांच्या दगडांतली रोपे स्वतः ओढू नका. ती काढण्याचे काम पुरातत्त्व खात्याचे आहे, आणि ओढताना दगड निखळतो.

*परदेशातून आणणे.* सिंगापूर किंवा क्वालालंपूरहून तिरुच्ची विमानतळावर येताना पिशवीत बोन्साय घालून आणू नका. 2003 च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार आयात परवाना आणि त्या देशाचे रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र दोन्ही लागतात; मुळांना चिकटलेल्या मातीला वेगळी बंदी आहे. कस्टममध्ये झाड जप्त होते.

*फसवणूक झाली तर.* मेलेले झाड पाठवले, दुसरीच जात पाठवली किंवा चिकटवलेल्या खड्यांखाली मुळेच निघाली नाहीत, तर ग्राहक संरक्षण कायदा 2019 तुमच्या बाजूने आहे. त्यासाठी :

- बिल घ्याच, आणि त्यावर झाडाचे नाव लिहून घ्या. नुसते ‘बोन्साय 1 नग’ पुरेसे नाही.
- ऑनलाइन मागवले असेल तर पार्सल उघडतानाच फोटो किंवा व्हिडिओ काढा, खोड खरवडलेल्या जागेसह.
- आधी विक्रेत्याला लेखी कळवा. उत्तर आले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवा.
- तरीही दाद लागली नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. विक्रेता दिल्लीचा असला तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, 5 लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही, आणि वकील नेमण्याची सक्ती नाही. मुदत दोन वर्षांची.